कादंबरीतली माणसं कुठे गेली?

लेखकाचं स्मारक बांधणाऱ्याला सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारावा. याच्या पुस्तकातली कोणकोणती माणसं तुम्ही आत घेतलीत आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवलंत? पुतळा किती फुटी, दगड कुठला, फीत कापायला कोण आलं, हे मागाहून.

हा प्रश्न सोबत घेऊन बोस्नियातल्या विशेग्रादला जावं. तिथे एका लेखकाच्या नावानं पुतळा किंवा सभागृह उभारून कुणी थांबलं नाही, अख्खं दगडी शहर बांधलं. नाव आंद्रिचग्राद. द्रिना आणि रझाव या दोन नद्या जिथे मिळतात त्या टोकावर ते उभं आहे. २८ जून २०११ ला काम सुरू झालं, २८ जून २०१४ ला उद्घाटन झालं. बांधणारा एमिर कुस्तुरिका. हा सिनेमावाला, आणि लहानसहान नव्हे. कानच्या महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक त्यानं दोनदा पटकावलंय, १९८५ मध्ये आणि १९९५ मध्ये. ज्याच्या नावानं बांधलं तो इवो आंद्रिच, १९६१ चा नोबेलविजेता. आणि ज्या पुस्तकामुळे हे सगळं सुचलं ती त्याची कादंबरी १९४५ ची, द्रिनेवरच्या पुलाची. इंग्रजीतून ती आपल्याकडच्याही पुष्कळ वाचकांनी वाचलेली आहे.

आंद्रिचचा जन्म १८९२ चा, त्राव्निकजवळचा. तो दोन वर्षांचा असताना वडील गेले. आईनं त्याला विशेग्रादला आत्या आणि तिच्या नवऱ्याकडे ठेवलं. याच गावात तो वाढला, इथल्याच शाळेत गेला, याच पुलावर खेळला. पुढे राजदूत झाला, बर्लिनपर्यंत पोहोचला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेलग्रेड व्यापलं तेव्हा एका मित्राच्या घरी गप्प राहून लिहीत बसला आणि परकी सत्ता असेतो काहीही छापायला त्यानं नकार दिला. युद्ध संपलं आणि १९४५ या एका वर्षात त्याच्या तीन कादंबऱ्या बाहेर आल्या. पुलाची त्यातली एक. असा माणूस. त्याच्या नावानं शहर बांधावंसं वाटलं, यात गैर काहीच नाही.

आता आत चला.

मोठ्या दगडी वेशीतून शिरलं की समोर सरळ मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना पन्नासेक दगडी इमारती आणि प्रत्येकीचा काळ वेगळा. बायझंटाइन धाटणी, तुर्की धाटणी, युरोपातल्या प्रबोधनकाळातली धाटणी, ऑस्ट्रो-हंगेरियन कचेऱ्यांची धाटणी. कल्पना अशी की या गावावरून जेवढे काळ गेले तेवढे एका रस्त्यावर बघायला मिळावेत. शिवाय एक काळ असाही घातलाय जो इथे आलाच नाही. तुर्कांच्या अमलामुळे बाल्कनच्या वाट्याला प्रबोधन आलं नाही, ते आलं असतं तर गाव कसं दिसलं असतं, हेही दगडात दाखवायचं कुस्तुरिकानं ठरवलं. चौकात आंद्रिचचा पुतळा आहे. त्याच्या नावाची संशोधन संस्था आहे. चित्रपटगृह आहे, त्याचं नाव 'डॉली बेल', कुस्तुरिकाच्या पहिल्या गाजलेल्या चित्रपटावरून. रस्त्याच्या टोकाला संत झार लाझारचं ऑर्थोडॉक्स चर्च. मधे कॉफीची टेबलं, पुस्तकांची आणि भेटवस्तूंची दुकानं.

काम चांगलं आहे, हे आधी सांगून टाकतो. दगड नीट घडवलेला आहे, रस्त्याची रुंदी माणसाच्या चालीला साजेशी आहे, सावलीला बसायला जागा आहे. युद्धानं आणि बंद पडलेल्या कारखान्यांनी खिळखिळ्या झालेल्या गावात यामुळे माणसं येऊ लागली, तरुणांना काम मिळालं. पुस्तकावर प्रेम करणाऱ्या माणसानं पुस्तकासाठी एवढं करावं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. कादंबरीवर चित्रपट करायचा आणि हेच शहर त्याचा सेट व्हायचा, असाही बेत होता. चित्रपट राहिला, शहर झालं.

कौतुक इथे संपतं, कारण आता भिंतीकडे बघावं लागतं.

चित्रपटगृहाच्या दर्शनी भिंतीवर मोठी मोझेक चित्रं आहेत. एकात 'तरुण बोस्निया' संघटनेची पोरं, मधे गाव्रिलो प्रिन्सिप, १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडणारा. मुख्य रस्त्यालाही याच संघटनेचं नाव. आंद्रिच स्वतः तरुणपणी या मंडळींत होता, त्यापायी तुरुंगातही गेला, तेव्हा हे चित्र इथे असायला हरकत नाही. पण दुसरं चित्र बघा. त्यात रस्सीखेच चाललीय. दोर ओढणाऱ्यांत खुद्द कुस्तुरिका आहे आणि मिलोराद दोदिक आहे. दोदिक म्हणजे रिपब्लिका सर्प्स्काचा, म्हणजे बोस्नियातल्या सर्बबहुल अर्ध्या भागाचा, त्या वेळचा सर्वेसर्वा. याच सरकारचा पैसा या शहरात ओतलेला आहे.

ज्या भिंतीवर बांधणारा आणि पैसा देणारा पुढारी जाऊन बसतात, त्या भिंतीवर कादंबरीतल्या कोणासाठी जागा उरली, ते शोधायला मी लागलो.

कादंबरीत कोण आहे ते आठवा. पुलाच्या कामात रात्री खोडा घालणारा आणि पकडला गेल्यावर सुळावर चढवला जाणारा राडिसाव आहे, सर्ब शेतकरी. मजुरांना वेठीला धरून गुरासारखं राबवणारा आबिदागा आहे. मनाविरुद्ध लग्न ठरलं म्हणून वरातीतून थेट पुलावरून उडी घेणारी फाता आहे, मुसलमान मुलगी. पुलाकाठचं हॉटेल एकटीच्या जोरावर चालवणारी, दूरच्या नातेवाइकांच्या हुंड्यापासून शिक्षणापर्यंत सगळ्यांचं बघणारी ज्यू विधवा लोटिका आहे. दारूच्या नशेत बर्फाळलेल्या कठड्यावरून पलीकडे चालत जाणारा चोर्कान आहे. आणि अलीहोजा आहे. ऑस्ट्रियाच्या फौजा येत असताना उगाच मरायला जाऊ नका म्हणाला म्हणून आपल्याच लोकांनी त्याचा कान खिळ्यानं पुलावरच्या लाकडाला ठोकला. तीनशेहून जास्त वर्षांची ही गोष्ट १९१४ मध्ये, पुलाला सुरुंग लागतो तेव्हा, याच अलीहोजाच्या मरणापाशी थांबते. ज्या कादंबरीचा शेवट एका म्हाताऱ्या मुसलमान दुकानदाराच्या छातीत दुखण्यानं होतो, ती कादंबरी कुणा एकाची कशी असेल?

त्यातलं एक प्रकरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. द्रिनेला पूर येतो. रात्रीतून खालची वस्ती पाण्याखाली जाते. चढावरच्या घरांमध्ये सगळे एकत्र येतात, मुसलमान, ऑर्थोडॉक्स, ज्यू. त्यांचे पुढारी आणि धर्मगुरू एका खोलीत रात्र काढतात, कॉफी पितात, जुन्या पुरांच्या आठवणी काढतात, एकमेकांना धीर देतात. आंद्रिच हे गोडगोड करून सांगत नाही. पूर ओसरल्यावर सगळे आपापल्या अंगणात परत जाणार, हे त्याला पक्कं माहीत आहे. पण ती रात्र तो नोंदवून ठेवतो.

आंद्रिचग्रादमध्ये त्या रात्रीची नोंद कुठे आहे?

तिथून पायी थोडंच अंतर. द्रिनेच्या काठानं चालत पुलावर या. हा पूल खरा, आंद्रिचच्याही तीनशे वर्षं आधीचा. १५७१ ते १५७७ या काळात बांधलेला. अकरा कमानी, जवळजवळ १८० मीटर लांबी, स्थपती मिमार सिनान, म्हणजे तुर्की साम्राज्याचा सर्वश्रेष्ठ वास्तुकार. युनेस्कोनं २००७ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटलं. बांधून घेणारा मेहमेद पाशा सोकोलोविच. याच भागातल्या सोकोलोविची गावचा ख्रिस्ती पोरगा. तुर्कांनी पोरं उचलून नेण्याच्या पद्धतीत तोही नेला गेला, मुसलमान झाला आणि चढत चढत १५६५ ते १५७९ पर्यंत तीन सुलतानांचा वजीर राहिला. यानंच १५५७ मध्ये सर्बांचं पेचचं धर्मपीठ पुन्हा सुरू करवलं आणि त्यावर आपल्या नात्यातला सर्ब धर्मगुरू बसवला. इतक्या गाठी एका माणसात आहेत आणि त्या माणसाचा पूल आजही लोकांना या काठावरून त्या काठावर नेतोय.

पुलाच्या मधोमध रुंद जागा आहे, तिला कापिया म्हणतात. एका बाजूला उंच दगडी भिंत, त्यावर तुर्की पद्यातला शिलालेख. समोर कठड्याला लागून दगडी बाक. आंद्रिचची अर्धी कादंबरी या बाकावर बसून घडते. बाकाच्या कडेवरून हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते. शेकडो वर्षं माणसं बसली, उठली, टेकली, त्यानं झिजलीय. खाली हिरवं पाणी. पहिल्या महायुद्धात याच्या कमानी उडवल्या, दुसऱ्यात पुन्हा उडवल्या, पुन्हा बांधल्या. बांधताना कोणी पुलाच्या धर्माची चौकशी केली नाही.

आणि १९९२ च्या उन्हाळ्यात याच कापियावर माणसं आणून मारली.

हे थेट सांगायलाच हवं, कारण विशेग्रादला जाणारे पुष्कळ पाहुणे ते न कळताच परततात. १९९१ च्या जनगणनेत विशेग्राद तालुक्याची वस्ती २१ हजारांच्या आसपास होती, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुसलमान. पुढच्या वर्षी सर्ब लष्कर आणि निमलष्करी टोळ्यांनी गावाचा ताबा घेतला. माणसं पुलावर नेऊन मारली, द्रिनेत टाकली. १४ जूनला पियोनिर्स्का गल्लीतल्या एका घरात पन्नासहून अधिक माणसं कोंडून घर पेटवलं, त्यात बायका, म्हातारे, लहान मुलं. २७ जूनला बिकावात्स वस्तीत तेच, साठेक माणसं. गावातल्या दोन जुन्या मशिदी पाडल्या, त्या पुढे पुन्हा बांधाव्या लागल्या. टोळीचा म्होरक्या मिलान लुकिच याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००९ मध्ये जन्मठेप दिली, २०१२ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. २०१० मध्ये धरणाच्या दुरुस्तीसाठी खालच्या पेरुचात्स जलाशयाचं पाणी उतरवलं तेव्हा गाळातून माणसांचे सांगाडे निघाले. २०१३ च्या जनगणनेत तालुका साडेदहा हजारांवर आलेला, आणि त्यात बोस्नियाक दहातला एक.

कादंबरीतल्या फाताचे, अलीहोजाचे जे वंशज असतील ते हे. आंद्रिचग्रादच्या भिंतींवर ते नाहीत. मेले ते नाहीत, पळाले तेही नाहीत, परत आले तेही नाहीत.

कोणी म्हणेल, ते साहित्याचं शहर आहे, युद्धाचं संग्रहालय नाही. मग साहित्याच्या शहराच्या उद्घाटनाचा दिवस बघू.

२८ जून हा विदोव्हदान, सर्बांच्या स्मृतीतला सर्वात मोठा दिवस. १३८९ ची कोसोवोची लढाई या दिवसाशी जोडलेली, तिथे पडलेला लाझार म्हणजेच आतल्या चर्चचा संत. साराजेव्होतली गोळीही १९१४ मध्ये याच तारखेची. त्या शताब्दीला, २८ जून २०१४ ला, आंद्रिचग्रादचं उद्घाटन झालं. दोदिक होता, सर्बियाचे तेव्हाचे पंतप्रधान वुचिच होते. त्याच दिवशी साराजेव्होत व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद वाजत होता, तो वियेच्नित्सामध्ये. ही इमारत बोस्नियाचं राष्ट्रीय ग्रंथालय होती. ऑगस्ट १९९२ मध्ये सर्ब तोफांनी ती जाळली, लाखो पुस्तकं राख झाली. २०१४ च्या मे महिन्यात ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. दाराशी पाटी आहे, जाळणाऱ्यांना 'सर्ब गुन्हेगार' म्हणणारी. त्या पाटीच्या कारणावरून सर्ब नेते तिकडे गेले नाहीत.

पाटीवर एका अख्ख्या समाजाचं नाव येणं मला पटत नाही, गुन्हेगाराला गुन्हेगार म्हणावं, त्याच्या समाजाचं नाव त्याला जोडू नये. पण ग्रंथालय जळलं हे खरं आहे. आणि आंद्रिचनं आपल्या नोबेलची रक्कम कुठे दिली होती? बोस्निया-हर्झगोव्हिनातल्या ग्रंथालयांना. ज्यानं ग्रंथालयांसाठी पैसे दिले त्याच्या नावाचा सोहळा चालू होता आणि सोहळ्यातले मानकरी जळून उठलेल्या ग्रंथालयाकडे पाठ फिरवून बसले होते. आंद्रिचच्या स्मारकाचा पहिलाच दिवस आंद्रिचच्या विरोधात गेला.

त्याच वर्षी जानेवारीत आणखी एक गोष्ट झाली होती. विशेग्रादच्या स्त्राझिश्ते कबरस्तानात बोस्नियाक कुटुंबांनी आपल्या मेलेल्यांसाठी एक स्मृतिशिळा उभारली होती. तिच्यावर वंशसंहार असा शब्द होता. नगरपालिकेची माणसं पोलीस बंदोबस्तात आली आणि शब्द खरवडून काढला. तिथल्या बायकांनी तो लिपस्टिकनं पुन्हा लिहिला, तोही पुसला गेला. हेगच्या न्यायालयानं विशेग्रादच्या आरोपींना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं, वंशसंहारासाठी नाही. त्यामुळे त्या शब्दावर कायद्याचा वाद घालता येईल. पण वाद न्यायालयात घालतात. कबरस्तानात दगड खरवडायला जात नाहीत. एका टोकाला स्मारकासाठी दगड रचले जात होते आणि दुसऱ्या टोकाला स्मारकाचा दगड खरवडला जात होता, तेही एकाच गावात आणि उद्घाटनाला पाच महिने असताना.

दगडांचाही हिशेब आहे. आंद्रिचग्रादसाठी ट्रेबिन्ये भागातल्या एका जुन्या ऑस्ट्रो-हंगेरियन किल्ल्याचे दगड काढून आणले, त्यावरून तिथल्या लोकांनी ओरड केली. खोट्या जुन्या इमारतीसाठी खऱ्या जुन्या इमारतीचा दगड वापरायचा, हे इतिहासावर प्रेम करणाऱ्याला शोभत नाही.

आता दुसरी बाजू, तीही पूर्ण मांडली पाहिजे. बोस्नियाक समाजातल्या पुष्कळांना आंद्रिचच नको आहे. त्यानं तुर्की राजवट आणि मुसलमान माणसं क्रूर रंगवली, त्याच्या पुस्तकांनी नंतरच्या द्वेषाला खतपाणी घातलं, असं ते म्हणतात. राडिसावला सुळावर चढवण्याची ती पानं वाचताना अंगावर काटा येतो आणि ती पानं वापरून कोणी डोकी भडकवली असतील, हे मी नाकारत नाही. १९९१ मध्ये विशेग्रादमधलं आंद्रिचचं स्मारक एका बोस्नियाक माणसानं घणानं फोडलं. ते कृत्यही तितकंच चूक. एकानं घणानं लेखक फोडला, दुसऱ्यांनी त्याला आपल्या कळपात ओढला. दोघांनीही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. शेवटपर्यंत वाचणाऱ्याला अलीहोजा भेटतो आणि त्या म्हाताऱ्याला भेटलेला माणूस मुसलमानांचा द्वेष करू शकत नाही, आंद्रिचचाही करू शकत नाही.

आणि बाहेरून येणाऱ्यांची जबाबदारी? तीही आहे.

गावापासून काही किलोमीटरवर विशेग्रादस्का बान्या नावाची गरम पाण्याच्या झऱ्यांची जागा आहे. पुलाचा दगड याच बान्याच्या डोंगरातून काढला. तिथे विलिना व्लास नावाचं आरोग्यनिवास आहे. १९९२ मध्ये तिथे बोस्नियाक बायका-मुलींना डांबून त्यांच्यावर बलात्कार केले गेले, अनेकजणी परतल्याच नाहीत. युद्धानंतर ते पुन्हा हॉटेल म्हणून सुरू झालं. किम व्हर्को ही ऑस्ट्रेलियन अभिनेत्री प्रवासी मार्गदर्शिकेतली शिफारस वाचून तिथे राहिली. तिथे काय झालं ते तिला परतल्यावर कळलं. तिनं त्यावर नाटक केलं, त्यावरून यास्मिला झ्बानिचनं २०१३ मध्ये चित्रपट केला आणि त्यात व्हर्कोनंच काम केलं. पर्यटकानं काय करायचं असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कळलं तेव्हा ती गप्प बसली नाही, तोंड उघडलं.

आपल्याकडून युरोपात जाणारे ग्रुप आता बाल्कनलाही जातात. साराजेव्होहून विशेग्राद तीनेक तासांचा रस्ता, सर्बियातून आलात तर मोक्रा गोरा जवळच, तिथेही कुस्तुरिकाचं लाकडी गाव आहे. जरूर जा. फक्त क्रम असा ठेवा. निघण्याआधी कादंबरी वाचा, पूर्ण वाचा. पोचल्यावर आधी पुलावर जा, कापियावर बसा. मग स्त्राझिश्तेच्या कबरस्तानात जा आणि शिळेवर खरवडलेली जागा बघा. पियोनिर्स्का गल्लीतलं ते घर बघा. रस्ता करायचाय म्हणून नगरपालिका ते पाडायला निघाली होती, मेलेल्यांच्या नातलगांनी आणि वाचलेल्यांनी ते टिकवलं. यानंतर आंद्रिचग्रादला जा, कॉफी प्या, फोटो काढा. आणि राहायला कुठलं हॉटेल घेताय, ते नाव तपासून घ्या.

साहित्याचं गाव करण्याची दुसरी तऱ्हा आपल्याच घरी आहे, म्हणून तिचा उल्लेख करतो. पाचगणीजवळचं भिलार मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. तिथे नवी वेस बांधली नाही, जुन्या काळाची नक्कल केली नाही. राहत्या घरांमध्ये पुस्तकं ठेवली, कुठे कथा-कादंबऱ्या, कुठे कविता, कुठे संतसाहित्य. वाचणारा येतो आणि कोणाच्या तरी ओसरीवर बसून वाचतो, शेजारी घरातली माणसं आपापली कामं करत असतात. त्यातही उणिवा असतील, पण पाया बरोबर आहे. आधी माणसं, त्यांच्यात पुस्तक. आंद्रिचग्रादमध्ये हे उलटं झालं. आधी पुस्तकाचं नाव घेतलं, मग दगड आणले, आणि माणसं निवडून घेतली.

हे आपल्यालाही लागू आहे. उद्या अण्णा भाऊ साठ्यांचं कितीही मोठं स्मारक झालं आणि 'फकिरा'मधल्या माणसांची आजची वस्ती त्या स्मारकाच्या भिंतीपलीकडे तशीच राहिली, तर ते स्मारक अण्णा भाऊंचं नव्हे. लेखकाला मान द्यायचा तर त्यानं ज्यांच्यावर लिहिलं त्यांना मान द्यावा लागतो. हा नियम विशेग्रादला आहे, अण्णा भाऊंच्या वाटेगावलाही आहे.

कुस्तुरिका काही अनाडी माणूस नाही. साराजेव्होत मुसलमान घरात जन्मला, पुढे सर्ब ऑर्थोडॉक्स झाला, हा त्याचा स्वतःचा निर्णय, त्यावर मला बोलायचं नाही. पण एकाच माणसात दोन घरं कशी राहतात, हे त्याला मेहमेद पाशाइतकंच कळायला हवं. आणि भिंतीवर कोणाला बसवायचं हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, त्यानं तो वापरला, तेव्हा उत्तरही त्यानंच दिलं पाहिजे.

दुरुस्ती अवघड नाही. आंद्रिचग्रादच्या मुख्य रस्त्यावर मोकळ्या भिंती भरपूर आहेत. घडवणारे कारागीर आहेत, दगड आहे, सरकारी पैसाही आहे. १९९२ मध्ये मारल्या गेलेल्या विशेग्रादकरांची नावं त्या भिंतींवर कोरा. युद्धात मेलेल्या सर्ब नागरिकांचीही कोरा, कारण आंद्रिचनं त्यांनाही वगळलं नसतं. स्त्राझिश्तेच्या शिळेला हात लावणार नाही असं नगरपालिकेनं लेखी द्यावं. दरवर्षी बोस्नियाक कुटुंबं मेलेल्यांच्या नावानं पुलावरून द्रिनेत गुलाब सोडतात. त्या दिवशी आंद्रिचग्रादची दुकानं बंद ठेवून तिथल्या लोकांनीही पुलावर यावं. एवढं झालं की त्या शहराला आंद्रिचचं नाव शोभेल. होईपर्यंत नाव उतरवून ठेवावं आणि कामेनग्राद, दगडी शहर, हे जुनंच नाव चालवावं.